उद्यांचा वायदा

शास्त्रपाठ : नीतिसूत्रें ३ : २७, २८

देणें हातीं असतां शेजाऱ्यास उद्यांवर लोटूं नये, असा या पाठाचा बोध आहे. देणें केवळ दाण्यांचें नसतें. न्याय हेंहि देणेंच आहे.

अमेरिकेंतील बर्मिंगहॅम शहरीं काळ्या लोकांस गोऱ्यांच्या खाणावळींत बसून जेवतां येत नसे. १९६३ च्या एप्रिलांत पाळक मार्टिन लूथर किंग यांनीं तेथें निःशस्त्र सत्याग्रह चालविला. सामील होणारास हात न उगारण्याची व ख्रिस्ताच्या शिकवणीचें नित्य मनन करण्याची लेखी प्रतिज्ञा करावी लागे. उत्तम शुक्रवारीं, १२ एप्रिलास, किंग यांस अटक झाली. आठ गोऱ्या धर्मगुरूंनीं, ही घाई आहे, धीर धरावा, असें जाहीर केलें. किंग यांनीं तुरुंगांतून लांब पत्र लिहून हा वायदा नाकारिला. मे महिन्यांत शाळेचीं मुलें निघालीं. त्यांवर कुत्रे व पाण्याचे झोत सोडण्यांत आले. १९६४ सालीं सार्वजनिक जागीं असा भेद करण्यास कायद्यानें मनाई झाली.

ते धर्मगुरु दुष्ट नव्हते. शांतता त्यांस प्रिय होती. परंतु ती शांतता दुसऱ्याच्या अपमानावर उभी होती. ज्यास स्वतः सोसावें लागत नाहीं, त्यानें सोसणारास धीराचा उपदेश करूं नये.

विचारासाठीं प्रश्न : आपण कोणाचें देणें उद्यांवर लोटीत आहों?