वाऱ्यावर वाजणारं झुंबर : आवाज कुठून येतो आणि भाव कसा ठरतो



ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला आपण शेतात रिकामा डबा बांधतो. वारा आला की डबा वाजतो, पाखरं उडतात. वाऱ्याकडून काम करून घेणं आपल्याला नवीन नाही. शहरात ज्याला ‘विंड चाइम’ म्हणतात ते याच जातीचं, फक्त कानाला गोड. बांबू आणि करवंटीपासून ते घरी बनवता येतं. पण गिऱ्हाईक झुंबर हातात घेतलं की आधी हलवून बघतं. ‘ठक’ वाजलं तर खाली ठेवून देतं. म्हणून आजचा धडा आवाजाचा, टिकाऊपणाचा आणि हिशेबाचा.

बांबू निवडताना

तीन वर्षांहून जुना, पोकळ बांबू घ्या. कोवळ्यात पिठूळ अंश जास्त, त्याला भुंगा लागतो आणि खाली पिवळी भुकटी पडते. विकलेलं झुंबर दोन महिन्यांत असं झालं, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. तुकडे तीन-चार आठवडे पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, पाणी अधूनमधून बदला. मग सावलीत उभे करून पूर्ण वाळवा. उन्हात घाईने वाळवले तर तडकतात आणि तडकलेला बांबू वाजत नाही.

2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे बांधावर बांबू लावणं, तोडणं सोपं झालं आहे. जंगलातला बांबू मात्र परवानगीशिवाय तोडू नका.

भोक कुठे पाडायचं

सगळी गोम इथे आहे. नळी वाजते तेव्हा ती बारीक थरथरते. मध्यभागी आणि दोन्ही टोकांना जास्त थरथरते, पण मधल्या दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. दोरी त्या स्थिर जागी बांधली तर आवाज लांबतो. टोकाला बांधली तर दोरीच थरथर अडवते आणि आवाज मरतो.

हिशेब सोपा आहे : दर 10 सें.मी. लांबीमागे टोकापासून सव्वादोन सें.मी. आत. म्हणजे 30 सें.मी. नळीला पावणेसात सें.मी.वर भोक. आधी खात्री करा. त्या जागी नळी दोन बोटांत अलगद धरा आणि मधोमध लाकडी काडीने टिचकी मारा. आवाज घुमला की जागा बरोबर.

कृती

1. दोन गाठींच्या मधल्या पेरांचे, दोन्हीकडून उघडे पाच तुकडे कापा : 30, 28, 26, 24 आणि 22 सें.मी. नळी जितकी आखूड तितका सूर उंच. कडा पॉलिश पेपरने घासा.
2. गिरमिटाने आधी बारीक भोक पाडा, मग मोठं करा. एकदम मोठं पाडलं तर बांबू चिरतो.
3. वर टांगायला अर्धी करवंटी घ्या. लग्नकार्यातून, मंदिरातून त्या सहज मिळतात. कडेला सारख्या अंतरावर पाच भोकं, मधोमध एक.
4. मधल्या दोरीला करवंटीची गोल चकती बांधा. ती नळ्यांच्या मध्यावर यावी आणि नळ्यांपासून एक-दीड सें.मी. दूर असावी.
5. त्याच दोरीच्या खाली हलका, रुंद तुकडा लटकवा. वारा त्यालाच धरतो. तो नसेल तर झुंबर गप्प बसतं.
6. दोरी नायलॉनची घ्या. सुतळी दिसायला छान, पण पावसात कुजते.
7. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. खाण्याची इतर तेलं चिकट राहतात. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

वाळलेल्या शिरीषाच्या शेंगा जोडल्या तर बारीक खुळखुळाटही मिळतो.

आता हिशेब

बहुतेक गट इथेच चुकतात. समजा बांबू, दोरी, तेल मिळून 40 रुपये लागले. झुंबर 120 ला विकलं आणि आपण म्हणालो, ‘80 रुपये सुटले.’ पण त्यात दोन तास गेले. तासाला 50 धरले तर मजुरीच 100. बांधणी आणि बाजारापर्यंतचं भाडं 20, फुटतूट 10. एकूण 170 झाले. म्हणजे 120 ला विकणारी ताई आपल्याच खिशातले 50 रुपये गिऱ्हाइकाला देत होती, आणि कर्जाचा हप्ता मात्र तिलाच भरायचा होता! हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे मांडा. घरी बसून केलं म्हणून काम फुकट होत नाही.

भाव जास्त वाटला तर मजुरी कापू नका, वेळ कापा. एकीने सगळ्या नळ्या कापायच्या, दुसरीने भोकं पाडायची, तिसरीने ओवायचं.

पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान मानून इथल्या मंदिरात भाविक येतात. आठवण म्हणून काही न्यायला त्यांना आवडतं. पण एकदम पन्नास बनवू नका. आधी पाच बनवा, विका, गिऱ्हाईक काय बोललं ते लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येक गटाने एक झुंबर करून आणा. सोबत एका कागदावर तीन गोष्टी लिहा : साहित्याचा खर्च, लागलेले तास आणि ठरवलेला भाव. झुंबर वाजवून बघूच, पण आधी कागद वाचू.