चिनी पैसा घ्यावा का? व्होल्वो, कूका आणि पवनचक्कीचा सोर्स कोड



मागच्या व्हिडिओत आपण गुंतवणूकदाराला किती टक्के द्यायचे ते बघितलं. वेळ संपला आणि खरा प्रश्न राहूनच गेला. आज पैसे देणारा माणूस उद्या माझंच काम शिकून माझ्यासमोर दुकान टाकून बसला तर?

या प्रश्नाचा जगातला सगळ्यात मोठा अभ्यासवर्ग म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या कंपन्या आणि त्यांचे चिनी गुंतवणूकदार. आकडे अब्जांत आहेत म्हणून दचकू नका. तुमच्या मसाल्याच्या युनिटमध्ये पैसे घालायला आलेला व्यापारी आणि हे लोक, व्यवहार एकच आहे.

आधी चांगलं उदाहरण घेऊ. १९९९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने स्वीडनच्या व्होल्वोचा कार विभाग सुमारे ६.४५ अब्ज डॉलरला घेतला. पुढे २००८ ची मंदी आली, फोर्डला रोख पैसा हवा होता. २०१० मध्ये चीनच्या जीलीने १.८ अब्ज डॉलरच्या करारात हीच व्होल्वो उचलली. जीलीचे संस्थापक ली शुफू यांनी आधी फ्रिजच्या सुट्या भागांचा धंदा केलेला. आता आमचं तंत्रज्ञान चीनला जाणार आणि कारखाना बंद पडणार, अशी स्वीडनमध्ये बऱ्याच जणांना धास्ती होती.

झालं उलटंच. मुख्यालय आणि संशोधन गोथेनबर्गलाच राहिलं. २००९ मध्ये जेमतेम सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या विकणारी कंपनी २०२३ मध्ये सात लाखांच्या वर गेली. तंत्रज्ञान चीनला गेलं का? गेलं ना! पण पुढच्या दाराने गेलं. २०१३ मध्ये गोथेनबर्गलाच एक वेगळं विकास केंद्र काढलं. तिथे दोघांसाठी मिळून गाडीचा सांगाडा विकसित केला, त्यावर व्होल्वोच्याही गाड्या निघाल्या आणि जीलीच्याही. आणि फोर्डने विकताना काय केलं ते नीट बघा. कोणतं तंत्रज्ञान व्होल्वोचं, कोणतं फोर्डचं, कोणतं फक्त वापरायला दिलंय आणि त्यातलं काय जीलीला पुढे देता येईल, हे आधी कागदावर वेगळं केलं. आपल्याकडे भागीदारी मोडताना भांडण लागतं ते नेमकं इथेच, कारण हा कागद कुणी केलेलाच नसतो.

आता दुसरं टोक. ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण यात मालकी विकलेलीच नव्हती.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची अमेरिकन सुपरकंडक्टर ही कंपनी पवनचक्क्यांचं नियंत्रण करणारी यंत्रणा आणि सॉफ्टवेअर विकायची. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीनची सिनोव्हेल. एकूण विक्रीच्या दोन तृतीयांशाहून जास्त माल याच एका कंपनीला जायचा. २०११ च्या मार्चमध्ये सिनोव्हेलने अचानक माल घेणं बंद केलं. घेतलेल्या मालाचे १० कोटी डॉलरहून जास्त थकले होते, पुढच्या ऑर्डरी ७० कोटींच्या वर होत्या. कारण काही महिन्यांनी कळलं. ऑस्ट्रियातल्या उपकंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला आमिष दाखवून सिनोव्हेलने सोर्स कोडच मिळवला होता. माल घ्यायची गरजच उरली नव्हती.

शेअरधारकांचे एक अब्ज डॉलरहून जास्त बुडाले, जवळपास ७०० नोकऱ्या गेल्या. अमेरिकेच्या कोर्टात सिनोव्हेल दोषी ठरली ती २०१८ मध्ये. सात वर्षांनी! तडजोडीत मान्य झालेली रक्कम ५ कोटी ७५ लाख डॉलर. नुकसान किती आणि हातात आलं किती, तुम्हीच हिशेब करा.

आता सांगा, या कंपनीने चिनी गुंतवणूकदार घेतला नाही म्हणून ती वाचली का? नाही. तिने दोन चुका केल्या. सगळा धंदा एका गिऱ्हाइकावर टांगला आणि ज्याच्या हातात किल्ली होती तो माणूस फुटू शकतो हे धरलं नाही. यात चिनी असण्या-नसण्याचा संबंध कमीच. तुमच्या मसाल्याचं प्रमाण ज्या कामगाराला पाठ आहे, त्याला पगार कोण किती जास्त देऊ शकतं, याचा विचार केलाय कधी?

कूकाचं थोडक्यात सांगतो. जर्मनीतल्या आउग्सबुर्गची ही रोबो बनवणारी कंपनी, २०१६ मध्ये चीनच्या मीडियाने ११५ युरो शेअर या भावाने घेतली. नोकऱ्या, मुख्यालय, ग्राहकांची माहिती, सगळ्याची हमी लिहून घेतली होती, २०२३ अखेरपर्यंत. म्हणजे हमीला मुदत होती, मालकीला नव्हती. करारातलं हे वाक्य शोधायला शिका.

माझं मत विचाराल तर हिस्सा द्या, गाभा देऊ नका. आणि द्यायचाच असेल तर बदल्यात बाजारपेठ किंवा दुसरं तंत्रज्ञान घ्या, नुसता पैसा नको. चीनने स्वतः हेच केलं. १९९४ च्या धोरणाने परदेशी मोटार कंपनीला ५० टक्क्यांच्या वर हिस्सा ठेवू दिला नाही. बाजार हवा असेल तर आमच्या माणसाला शेजारी बसवून शिकवा, असा सरळ सौदा होता. प्रवासी गाड्यांवरची ही अट २०२२ मध्ये सुटली, तोवर शिकून झालं होतं.

म्हणूनच आता पंगत फिरलीय. २०२३ मध्ये युरोपच्या स्टेलांटिसने सुमारे दीड अब्ज युरो मोजून चीनच्या लीपमोटरमध्ये साधारण २० टक्के हिस्सा घेतला. फोक्सवॅगनने शाओपेंगमध्ये जवळपास ५ टक्के घेतला. इलेक्ट्रिक गाडी कशी करायची हे विकत घ्यायला!

आपल्या तळेगावचंही ऐका. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २०२० मध्ये चीनची ग्रेट वॉल घेणार होती. त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी परवानगी सक्तीची केली. दोन वर्षं वाट बघून व्यवहार बारगळला, शेवटी कारखाना ह्युंदाईने घेतला. तोवर कामगार लटकलेले. तेव्हा तुमच्या छोट्या कंपनीतही चिनी पैसा यायचा असेल तर टक्क्यांच्या गप्पांआधी सीएकडे जाऊन ही परवानगी विचारा.

पुढच्या वेळी एका पानाचा गुपित-राखणीचा करार ओळीओळीने वाचू. तोपर्यंत वहीत दोन रकाने करा. एकात लिहा, भागीदाराला काय दाखवता येईल. दुसऱ्यात, धंद्यातलं असं काय आहे जे फक्त तुमच्याच डोक्यात आहे. दुसरा रकाना रिकामा राहिला तर कमेंटमध्ये कळवा, त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.