यादी झाडताना

दूध संस्थांच्या सभासदांच्या याद्या बँकेच्या यादीशी जुळवायचं काम मी करतो. पडद्यावर दोन्हीकडे 'लोणी खुर्द' सारखंच दिसतं, संगणक मात्र दोन वेगळी गावं धरतो आणि सभासदाचा दुधाचा पगार अडकतो. बघावं तर एकीकडे मध्ये दोन स्पेस पडलेल्या, नाहीतर शेवटी एक चिकटलेली.

अशा वेळी पायथनमध्ये पहिला हात जातो तो स्ट्रिपकडे. पण ते फक्त दोन्ही टोकं साफ करतं, मधलं तसंच राहतं. त्यापेक्षा कंस रिकामा ठेवून स्प्लिट करा आणि एका स्पेसने जॉइन करा. कंसात स्पेस दिलीत तर रिकामे तुकडे हाती येतात, शिवाय वेबपेजवरून उचललेल्या मजकुरातली नॉन-ब्रेकिंग स्पेस निसटते. (एक्सेलचं ट्रिमही तिला हात लावत नाही. 'एक्सेलमध्ये साफ केलंय' यावर मी म्हणूनच विसंबत नाही.) हे सगळं एकेका रकान्यावर चालवायचं, अख्ख्या फाइलवर चालवलंत तर सगळ्या ओळी एकात एक मिसळतात.

सगळ्याच स्पेस उडवाव्यात का? तुलनेपुरत्या उडवा. लोक 'राळेगण सिद्धी'ही लिहितात आणि 'राळेगणसिद्धी'ही. आमच्या जिल्ह्याचं नाव 'अहिल्यानगर' झाल्यापासून 'अहिल्या नगर'चीही भर पडली आहे. मात्र हे वेगळ्या रकान्यात करा. छापायचं नाव जसंच्या तसं राहू द्या.

खरी मेख पुढेच आहे. एका संस्थेत कुणा हौशी पोरानं 'दिसत नाही तो कचरा' म्हणून झिरो विड्थ चिन्हं सरसकट उडवली. शेवगाव तालुक्यातल्या कऱ्हेटाकळीचं 'कर्हेटाकळी' झालं, यादीच्या मथळ्यातल्या शेतकऱ्यांचे 'शेतकर्यांचे' झाले. आपला हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: कुठे ऱचा पाय मोडून, तर कुठे साध्या रचा पाय मोडून पुढे झिरो विड्थ जॉइनर लावून. डोळ्यांना फरक कळत नाही. दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर काढला की र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. पायथन जॉइनरला स्पेस मानत नाही, त्यामुळे स्प्लिट त्याला धक्का लावत नाही. पण त्याच कारणानं नुसत्या स्प्लिटनं ही नावं जुळतही नाहीत. युनिकोड नॉर्मलायझेशननंही नाही.

तेव्हा आधी पाय मोडलेला र आणि जॉइनर अशी जोडी शोधून तिथे पाय मोडलेला ऱ घाला. मग तुलनेच्या रकान्यातून उरलेले जॉइनर आणि झिरो विड्थ स्पेस काढा, आणि त्यानंतर स्प्लिट. तरीही नाव अडलं तर ते ॲस्की फंक्शनमधून छापून बघा. प्रत्येक अक्षराचा क्रमांक समोर येतो, जॉइनर लपलेला असेल तर '२००डी' दिसतं. त्यातही काही सापडलं नाही, तर बहुतेक भानगड 'नेवासा' की 'नेवासे' असली असते. तिथे स्क्रिप्टशी झटापट करू नका, संस्थेच्या सचिवांना फोन लावा.