वसंतातील पालेभाज्या : पेरणीची वेळ व जागा

माघ महिना लागला, पहाटेची थंडी ओसरू लागली, की शाळेच्या परसबागेत भाजी लावण्याचा उत्साह मुलांत आपोआप येतो. हा उत्साह चांगला; पण तो पुष्कळदा चुकीच्या बियाण्यावर व चुकीच्या जागेवर खर्ची पडतो. फाल्गुनात पेरलेली मेथी वीतभर होण्याआधीच फुलावर येते, पालकाचा दांडा वाढून पाने राठ होतात, आणि मुलांचा समज होतो की आपल्या हाताला गुण नाही. दोष हाताचा नसून ऋतूचा असतो, हे त्यांना वेळेवर समजले पाहिजे.

मेथी, पालक, शेपू, चाकवत या थंडीच्या भाज्या होत. दिवस मोठा व हवा उष्ण होऊ लागली की या वनस्पती पाने वाढविण्याचे सोडून फुले व बी धरण्याच्या मागे लागतात. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तो जूनमध्ये सुमारे १३ तासांचा होतो. हा फरक मुलांनी भूगोलात वाचलेला असतोच. मेथीच्या वाफ्यात तो त्यांना प्रत्यक्ष दिसेल. उलट माठ, राजगिरा, तांदुळजा यांना ऊबदार माती मानवते. कडक थंडीत त्यांचे बी नीट उगवत नाही.

म्हणून देशावरील शाळांनी मेथी, पालक व शेपू यांची शेवटची पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरकावी आणि त्यानंतरचे वाफे माठ-राजगिऱ्यास द्यावेत. विदर्भात ऊन लवकर तापते, तेथे आठ दिवस आधीच हात आवरावा. कोकणात थंडी मुळातच सौम्य असल्याने लाल माठावर भर असतो, तो योग्यच आहे.

गावातील जाणती माणसे वसंतपंचमीची खूण सांगतात. ती खूण सुंदर असली तरी एकटी पुरत नाही. २०२४ मध्ये वसंतपंचमी १४ फेब्रुवारीस होती, तर २०२६ मध्ये २३ जानेवारीस. म्हणजे २२ दिवसांचे अंतर. अधिक मासामुळे तिथी मागेपुढे सरकते, सूर्य सरकत नाही. पाचवीच्या पुढील वर्गांस पंचांग व दिनदर्शिका शेजारी ठेवून हा हिशेब करावयास लावल्यास गणिताचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

जागेचा विचार याहून महत्त्वाचा आहे. इमारतीच्या पूर्वेची जागा उत्तम : तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते व दुपारनंतर भिंतीची सावली पडते. पश्चिमेस भिंत तापून रोपे कोमेजतात. चिंचेखाली किंवा वडाखाली सावली असते खरी, परंतु झाडाची मुळे ओलावा ओढून घेतात. हातपंपाजवळची ओल पाहून तेथेच वाफा करण्याचा मोह होतो. मात्र जेथे पाणी साचून चिखल राहतो तेथे मुळे कुजतात. पाणी चरीने थोडे दूर न्यावे व वाफा कोरड्या, निचऱ्याच्या मातीवर करावा.

वाफे किती करावेत हे बियाण्यावरून न ठरविता पाण्यावरून ठरवावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. या दिवसांत रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरल्यास, ३ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफ्यास १५ लिटर, म्हणजे एक मोठी बादली, लागेल. शालेय पोषण आहाराचे तांदूळ व डाळी धुतलेले पाणी रोज दोन बादल्या निघत असेल, तर दोनच वाफे करावेत. गावात पिण्याच्या पाण्याची ओढ असता शाळेने सहा वाफे हिरवे ठेवणे शोभणारे नाही. आणि सहा वाफे मार्चमध्ये वाळलेले पाहण्यापेक्षा मुलांनी दोन वाफ्यांची भाजी खिचडीत खाल्लेली केव्हाही बरी. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीस घालू नये.

या हंगामात गादीवाफा नको. सपाट वाफा ओल धरून ठेवतो. माठाचे बी राईहून बारीक असते, ते चाळलेल्या कोरड्या मातीत मिसळून विस्कटावे, नाहीतर एका कोपऱ्यातच दाटी होते. धणे चपलेखाली हलके रगडून दुभंगावेत, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. कोथिंबीर आठ-दहा दिवस घेते, तोवर मुले माती उकरून पाहतात! त्यासाठी शेजारी मेथीचा वाफा असणे हा चांगला उपाय आहे. पेरणीनंतर वर ओले गोणपाट अंथरावे व अंकुर दिसताच त्याच संध्याकाळी काढावे.

एकाच मेथीच्या तीन ओळी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरून प्रत्येकीस पहिले फूल कितव्या दिवशी आले, हे मुलांनी फळ्यावर लिहीत जावे. रविवारी पाणी कोणी घालावयाचे हे शनिवारीच नावानिशी ठरवावे. बहुतेक बागा सोमवारी सकाळी सुकलेल्या आढळतात त्या याच कारणाने. शेवटचा माठ एप्रिलच्या मध्यापर्यंत काढून घ्यावा, वाफा खणून ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत, आणि कुंपणाची काटेरी फांदी सुटीपूर्वी पुन्हा बांधावी.