दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेले वामनदादा

जमैकाच्या बॉब मार्लेने रेगे गाण्यांतून गरिबांचं दुःख जगभर पोहोचवलं. १९८१ मध्ये, निधनाच्या काही आठवडे आधी, त्याच्या देशाने त्याला 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिला. आपल्याकडे गाण्यातून असंच काम केलं लोककवी वामनदादा कर्डक यांनी.

जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. तरुणपणी मुंबईत एकाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं. दादांना वाचताच येईना! फार वाईट वाटलं. मग मुळाक्षरं गिरवली. आणि जोडाक्षरं? ती दुकानांच्या पाट्या वाचून. पुढे याच माणसाने शेकडो गाणी लिहिली, गावोगावी बाबासाहेबांचे विचार गायले. १५ मे २००४ ला दादा गेले, पण १४ एप्रिलला वस्तीवस्तीत त्यांची गाणी वाजतातच. यापेक्षा मोठा सन्मान कोणता असेल?

मूल जोडाक्षराला अडखळलं की आपण 'याला येतच नाही' म्हणून मोकळे होतो. मीही म्हटलंय. त्याला एकदा महागावच्या बाजारात न्या. 'कृषी सेवा केंद्र', 'वस्त्र भांडार', 'जनरल स्टोअर्स'... घाई न करता वाचू द्या.