एअर रायफलला दुर्बीण कोणती लावावी?

प्रश्न : मोठ्या रायफलची दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलवर चालेल का? नेमबाजी आणि शिकार, दोन्हींसाठी हवी आहे.

उत्तर : शिकारीचं आधी मिटवलेलं बरं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीला बंदी आहे. ब्रिटनमध्ये एअर रायफलने ससे टिपतात, म्हणून ते इथे चालेल असं नाही.

१० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारातही दुर्बिणीला मज्जाव आहे. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकलं ते बारीक छिद्राच्या डायॉप्टर साइटवर. तेव्हा दुर्बीण घ्यायची ती हौशी सरावासाठी किंवा ‘फील्ड टार्गेट’ या नेमबाजीच्या प्रकारासाठी.

महागडी, दणकट दुर्बीणही स्प्रिंगच्या रायफलवर बिघडू शकते. घोडा दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टन टोकाशी थांबताच ती पुढे हिसका खाते. बारूदाच्या रायफलचा धक्का मुख्यतः मागेच असतो, त्यामुळे उलट्या हिसक्याने तिच्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीतली भिंगं ढिली होतात. खोक्यावर ‘एअरगन रेटेड’ लिहिलेलं हवं. दुर्बीण धरणारा माउंटही सरकतो, त्याला अडवणारी स्टॉप पिन असावी.

दुसरी गोष्ट पॅरलॅक्स, म्हणजे डोकं हललं की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं. मोठ्या रायफलच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात, १० मीटरवर चित्र धूसर दिसतं. १० यार्डांपर्यंत खाली येणारी अॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह असलेली दुर्बीण घ्यावी. ३-९x४० पुरेशी आहे; २४ पटीच्या मोहात पडू नये, त्यात हाताचा कंपच मोठा दिसतो. दुकानात रायफल टेकवून डोकं किंचित हलवून पाहावं. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकली, तर फोकस पुन्हा जुळवावा. तरीही सरकत राहिली, तर दुसरी दाखवायला सांगावी.