विहिरीत दोर किती गेला? कप्पी, लोहचुंबक आणि कॅल्क्युलेटरवर घरच्या घरी मापयंत्र



आजचा मेसेज थोडा मोठा आहे. सवडीने वाचा, जमल्यास घरातल्या शिकणाऱ्या मुलांना सोबत घेऊन वाचा, कारण करायचं काम त्यांच्या आवडीचं आहे.

विषय साधा. विहिरीत किंवा बोअरमध्ये दोर सोडला, तर तो नक्की किती मीटर खाली गेला हे कसं कळणार? तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं, वावांनी मोजू. आपल्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय. दोन्ही हात पसरले की एक वाव, माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. "आमची विहीर सहा परस" असं आजही सांगतात. पण कोणाचे हात, कोणाची उंची? एका वावेत पाच-सात बोटांचा फरक पडला, तर दहा वावांत दोन-तीन हातांची चूक होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सहा परस हा आकडा वडिलांच्या वेळचा. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सावित्री, गांधारी, काळ नद्यांच्या काठच्या शेतांत चिखल बसला तसा विहिरींतही बसला. वरून पाणी तेवढंच दिसतं, पण खाली गाळ असतो. काठावरून डोकावून "पाणी चिकार आहे" म्हणणाऱ्याला खालचा गाळ दिसत नाही. मग कलिंगड लागतं, वेल पसरतो, आणि फळ धरायच्या वेळेला मोटर हवा ओढायला लागते.

आपल्या दोन्ही तालुक्यांत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर. उतार जोराचा, खाली काळा पाषाण, पाणी थांबत नाही. म्हणून पाणी किती उरलंय हे जानेवारीतच आकड्यात माहीत असायला हवं. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पण ती निरीक्षण विहीर तुमची नव्हे. तुमची तुम्हालाच मोजावी लागेल.

*गाठींचा दोर का नको*

मी स्वतः आधी नायलॉनच्या दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारल्या होत्या. दोन चुका झाल्या. एक, गाठ मारताना दोरी खाल्ली जाते. दुसरी, नायलॉन ओलं झालं आणि खाली वजन लागलं की ताणलं जातं. महिन्याभरानं टेप लावली तर एकही गाठ मीटरावर नव्हती. आणि अंधार पडल्यावर गाठी मोजताना कोणी हाक मारली की सोळा झाल्या का सतरा, हे देवच जाणे!

यावर एक तोडगा आहे: दोर चाकावरून न्यायचा आणि चाकाचे फेरे मोजायचे. एका फेऱ्याला किती दोर सरकतो हे माहीत असलं की गुणाकार करायचा, बस्स. चाकाचे फेरे मोजून दोराची लांबी काढायची ही रीत कारखान्यात वायरची बंडलं भरतानाही वापरतात. आपण तेच विहिरीच्या रहाटावर करायचंय.

*सामान*

गुळगुळीत फिरणारी एक छोटी कप्पी, बेअरिंगची असेल तर उत्तम. ८ मिमीची पॉलिस्टरची विणलेली दोरी. काथ्याची नको, फुगते. नायलॉनचं वर सांगितलंच. शर्टाच्या बटणाएवढे चपटे लोहचुंबक दोन किंवा चार. दरवाजाच्या चोर-अलार्मला लागतो तो मॅग्नेटिक सेन्सर एक. यात काचेच्या बारीक नळीत दोन पत्र्या असतात, लोहचुंबक जवळ आला की चिकटतात, लांब गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. सुटी काचेची नळीही मिळते, पण ती वाकवताना फुटते. प्लास्टिकच्या डबीत बसवलेला अलार्मवाला घ्या. आणि एक साधा, स्वस्तातला कॅल्क्युलेटर. आम्ही केलं तेव्हा कप्पी आणि दोरी सोडून सगळं तीनशे-चारशे रुपयांत बसलं.

आधी आम्ही सायकलचा मीटर लावून पाहिला होता, कारण त्यातही हाच सेन्सर असतो. पण आमचा मीटर अंतर किलोमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतच दाखवायचा, म्हणजे १० मीटरच्या टप्प्यानं. विहीरच १० मीटर. तो बेत सोडला.

*कॅल्क्युलेटर आधी तपासा*

दुकानातच ० + ५ दाबा, मग = चं बटण पुन्हा पुन्हा दाबा. ५, १०, १५, २० असं वाढत गेलं तर हा कॅल्क्युलेटर आपल्या कामाचा. नाही वाढलं तर ५ + + ० दाबून मग = = = करून बघा. काही कंपन्यांचे असे चालतात. दोन्ही प्रकारे नाही वाढलं तर दुसरा घ्या.

आता युक्ती लक्षात आली असेल. = चं बटण आपण बोटानं दाबतो, ते काम सेन्सरनं करायचं. कॅल्क्युलेटर उघडून = च्या बटणाखालच्या दोन टोकांना दोन बारीक वायरी डाग मारून जोडायच्या आणि त्या सेन्सरला न्यायच्या. ज्याच्या हाताला डाग मारायची सवय नाही त्यानं मोबाइल रिपेअरवाल्याकडून करून घ्यावं, पाच मिनिटांचं काम आहे. विजेचा धोका नाही, आत छोटा सेल आहे.

कप्पीच्या बाजूला, समोरासमोर, दोन लोहचुंबक चांगल्या चिकट गोंदानं बसवा. सेन्सर कप्पीच्या चौकटीला असा बसवा की लोहचुंबक त्याच्या अर्धा ते एक सेंटीमीटरवरून जाईल. मग कप्पी हातानं सावकाश दहा फेरे फिरवा. दोन लोहचुंबक असतील तर बरोबर २० ठोके पडले पाहिजेत. ३० किंवा ४० पडले तर एकाच लोहचुंबकाला सेन्सर दोनदा चिकटतोय. त्याला नव्वद अंशांत फिरवून बघा, किंवा थोडा लांब न्या. ही तपासणी टाळू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

*एका ठोक्याला किती दोर?*

इथे बहुतेक जण चुकतात. कप्पीच्या खाचेचा व्यास ८० मिमी आहे. परीघ काढला, ३.१४ नं गुणून २५१ मिमी. चूक! दोरीला जाडी आहे. दोरी खाचेत बसते तेव्हा तिचा मधला भाग खाचेपासून ४ मिमी बाहेरून फिरतो, दोन्ही बाजू धरून ८ मिमी. म्हणून व्यास धरायचा ८८ मिमी, आणि परीघ येतो २७६ मिमी. नुसता २५१ धरला तर ३० मीटर दोर गेल्यावर यंत्र साधारण २७ मीटर सव्वीस-सत्तावीस सेंटीमीटर दाखवेल. पावणेतीन मीटरची चूक. बोअरमध्ये मोटर सोडताना एवढी चूक झाली तर काय होईल ते सांगायला नको.

त्याहून चांगलं, गणितावरही विश्वास ठेवू नका. अंगणात टेप पसरून दोरीवर २० मीटरच्या दोन खुणा लाल धाग्यानं करा. कॅल्क्युलेटरवर ० + १ ठेवा आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत दोरी कप्पीवरून ओढा, टोकाला किलोभर वजन लावून, जसं विहिरीत असेल तसं. आमच्या कप्पीला १४५ ठोके पडले. २० भागिले १४५ म्हणजे ०.१३८ मीटर. आता मोजताना ० + ०.१३८ दाबून ठेवायचं. प्रत्येक ठोक्याला तेवढे मीटर आपोआप वाढतात आणि पडद्यावर थेट मीटर दिसतात. चार लोहचुंबक लावले तर ०.०६९. दोरी किंवा कप्पी बदलली की ही तपासणी पुन्हा.

*प्रत्यक्ष मोजताना*

दोराच्या टोकाला दीड इंची लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा बांधा, वरून टोपण बसवलेला, खालून उघडा. तो पाण्याला टेकला की "डुब्ब" असा स्पष्ट आवाज येतो. वरून बघायची गरज नाही. तुकडा कठड्याच्या खुणेशी आणून शून्य करा, सावकाश सोडा. सेकंदाला एक फेरा, त्यापेक्षा जलद नको. घाई केली तर कॅल्क्युलेटर ठोके चुकवतो. डुब्ब झालं की आकडा लिहा. तसाच पुढे सोडा. दोर सैल पडला की तळ. तो आकडाही लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे उभं पाणी.

एक खोड सांगून ठेवतो. या यंत्राला वर आणि खाली कळत नाही. दोर वर ओढतानाही आकडा वाढतच जातो. याचाच फायदा घ्या: टोक पुन्हा कठड्याशी आलं की आकडा जवळपास दुप्पट व्हायला हवा. तळ ९.६ आला तर शेवटी १९.२ च्या आसपास. नाही आला तर दोर कुठेतरी घसरला. मग दोर कप्पीवर निदान अर्धा वेढा घेतोय का बघा, खाच पुसून कोरडी करा आणि पुन्हा मोजा. कॅल्क्युलेटर बराच वेळ न वापरल्यास आपोआप बंद होतो आणि आकडा जातो. त्यामुळे मध्येच चहाला जाऊ नका.

बोअरमध्ये मोटर आधीच बसवलेली असेल तर हा दोर आत सोडू नका. पाइप-केबलमध्ये अडकला तर मोटरसकट काढावं लागेल. केसिंगमध्ये मोजणीसाठी वेगळा बारीक पाइप सोडलेला असेल तरच त्यातून, त्यात मावेल असं बारीक टोक लावून मोजा. विहिरीवर मोजताना मोटर बंद असावी, एकट्यानं कठड्यावर वाकू नये. टोक अडकलं म्हणून विहिरीत उतरू नका, दोर कापून द्या. आणि हा दोर मापाचा आहे, यावर माणूस किंवा मोटर कधीच सोडायची नाही.

*आकड्याचं करायचं काय?*

समजा गोल विहीर आहे, व्यास ५ मीटर. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५, म्हणजे १९.६. याचा अर्थ एक मीटर उंचीच्या पाण्यात १९,६०० लिटर. सकाळी पाणी ६.२ मीटरवर, तळ ९.६ मीटरवर. उभं पाणी ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ६६,६०० लिटर. ऐकायला भरपूर वाटतं.

आता दोन तास मोटर चालवा आणि पुन्हा मोजा. पाणी ७.७ वर गेलं. दीड मीटर, २९,४०० लिटर उपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर लावायच्या आधी मोजा. आलं ६.८. रात्रीत ०.९ मीटर भरलं, म्हणजे १७,६०० लिटर. म्हणजे रोज उपसा २९ हजार आणि आवक साडेसतरा हजार. विहीर रोज ६० सेंटीमीटर उतरणार आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फूटवॉल्व्ह उघडा पडणार. तेव्हा उपसा सव्वा तासाच्या आत आणा, नाहीतर क्षेत्र कमी करा. हे सगळं पीक लावण्याआधी कळलेलं बरं. मार्चात आवक आणखी घटते, म्हणून जानेवारीचा आकडा एप्रिलला लावू नका. दर महिन्याला पुन्हा मोजा, शक्यतो त्याच तारखेला. रोजच्या भरतीचा हिशेब करायचा असेल तर चार लोहचुंबकच लावा. दोनवर १४ सेंटीमीटरपर्यंत फरक पडू शकतो, आणि या विहिरीत १४ सेंटीमीटर म्हणजे २,७०० लिटर.

ज्यांनी नवीन आंबा-काजू लावलाय त्यांचं गणित सोपं आहे. २०० रोपांना प्रत्येकी १५ लिटर देत असाल तर ३,००० लिटर. एवढी आवक मे अखेरपर्यंत टिकते का, एवढंच बघायचं.

आणि जाता जाता: ठिबकच्या नळीचं किंवा दोरीचं बंडल विकत घेताना त्यावर लिहिलेले मीटर खरे आहेत का, हेही याच कप्पीवर मोजता येतं. फक्त नळीची जाडी वेगळी, म्हणून तिच्यासाठी २० मीटरची तपासणी वेगळी करा. मागे एका दुकानातून आणलेलं शंभर मीटरचं दोरीचं बंडल आम्ही मोजलं, ९१ भरलं. दुकानदाराला कप्पी नेऊन दाखवली, त्यानं मुकाट्यानं नऊ मीटर कापून दिलं.

तयार यंत्र आपल्या कार्यालयात ठेवलं आहे, सभासदांना दोन दिवसांसाठी न्यायला मिळेल. नेताना वहीत नाव लिहा आणि आणून देताना तुमच्या विहिरीचे दोन आकडे, पाण्याचा आणि तळाचा, तारखेसह त्याच वहीत लिहा. कॅल्क्युलेटरला वायर जोडण्यात अडचण आली तर उघडलेल्या कॅल्क्युलेटरचा स्पष्ट फोटो याच नंबरवर पाठवा.